चार मिनिटं वीस सेकंद

हायड्रोच्या, म्हणजे ओल्या सुतातलं पाणी फिरवून काढणाऱ्या मशीनच्या, झाकणाला लिमिट स्विच होता; झाकण उघडलं की मोटर बंद करणारा. त्याचा लिव्हर सुतळीने दाबून बांधलेला होता, आणि ते मी पाहिलं होतं. सुतळी कळकट झाली होती, तिच्यावर निळा रंग चढला होता, म्हणजे बांधून वर्ष तरी झालं असणार. पहिल्या खेपेला मी ती सोडली. पुढच्या महिन्यात गेलो तर पुन्हा बांधलेली. तिसऱ्यांदा मी काही बोललो नाही. ही गोष्ट आधीच लिहून टाकतो, कारण पुढे जे काही केलं ते त्या न बोलण्यापासून सुरू झालं.

मी सोलापुरात कंट्रोल पॅनेल बनवतो. आयटीआय झाल्यावर तीन वर्षं चाकणच्या एका मोठ्या कारखान्यात मेंटेनन्सला होतो, मग गावी परत आलो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतले टॉवेल-चादरीचे कारखाने आणि त्यांना सूत रंगवून देणारे डाईंगवाले ही माझी गिऱ्हाइकं. मोटर जळाली, मोटरला वीज जोडणारा कॉन्टॅक्टर चिकटला, पंप चालेना, की फोन येतो.

हायड्रो एक्स्ट्रॅक्टर हे पूर्ण नाव इथे कुणी घेत नाही. रंगवून, धुऊन काढलेल्या सुताच्या ओल्या लडी त्यात टाकायच्या, झाकण लावायचं आणि फिरवायचं. पाणी भोकांतून बाहेर फेकलं जातं. घरच्या वॉशिंग मशीनमधला ड्रायरच हा, फक्त बास्केट ४८ इंचांची आणि वेग मिनिटाला ९०० फेऱ्यांचा. हिशोब केला तर त्या बास्केटची कड सेकंदाला ५७ मीटर धावते, म्हणजे ताशी दोनशे किलोमीटरच्या वर. कडेला चिकटलेली एक किलोची लड तिथे साडेपाचशे किलोच्या जोराने भिंतीवर दाबलेली असते. हे आकडे मी अपघातानंतर काढले. त्याआधी इतकी वर्षं त्या मशीनच्या बाजूला उभा राहून चहा प्यायलो, पण हिशोब कधी केला नव्हता.

अपघात २०१९ च्या फेब्रुवारीत रात्रपाळीला झाला. पोरगा बावीस वर्षांचा. मोटर बंद करून झाली होती, बास्केट उतरत्या वेगात होती. फिरणारी वस्तू हळू व्हायला लागली की भोकं वेगवेगळी दिसायला लागतात आणि आता हात घातला तरी चालेल असं वाटतं. एका लडीचं टोक वर आलं होतं, ते त्याने धरलं. लड म्हणजे सुताचा फासच. तो मनगटाला बसला आणि बास्केटने हात आत ओढला. मिनिटाला ६० फेऱ्या म्हणजे आपल्याला अगदी सावकाश वाटतं, पण तेव्हाही कड सेकंदाला जवळजवळ चार मीटर जात असते. हाताची दोन्ही हाडं मोडली, खांदा निखळला. हात वाचला, पण दोन बोटांत पकड उरली नाही.

सकाळी मालकांचा फोन आला. मी पोचलो तेव्हा कुणीतरी सुतळी कापून टाकली होती. तिचे दोन तुकडे मशीनखाली ओल्यात पडले होते.

“त्या सुतळीनं घात केला,” मालक म्हणाले. “स्विच नीट करून दे. परत कुणी बांधणार नाही असा.”

मी हो म्हणालो. स्विच बदलला, लिव्हरवर पत्र्याचं कव्हर लावलं, घरी आलो. रात्री झोप लागेना. अंथरुणात पडल्या पडल्या सर्किट डोळ्यांसमोर आणलं आणि तेव्हा लक्षात आलं की सुतळी नसती तरी हे झालंच असतं. तो लिमिट स्विच काय करायचा? झाकण उघडलं की मोटरचा कॉन्टॅक्टर पाडायचा. पण अपघात झाला तेव्हा मोटर बंदच होती! पोराचा हात ओढला तो मोटरने ओढला नाही, उरलेल्या वेगाने ओढला. त्या वेगावर कुणाचंच लक्ष नव्हतं. आम्ही विजेवर पहारा ठेवला होता आणि इजा करणारी वस्तू मोकळी होती.

दुसऱ्या दिवशी स्टॉपवॉच घेऊन गेलो. भरलेली बास्केट पूर्ण वेगात असताना बटण दाबून मोटर बंद केली आणि मोजलं. चार मिनिटं वीस सेकंद. पायाने दाबायचा ब्रेक होता, पण त्याच्या पट्ट्याचं लायनिंग पाणी पिऊन गुळगुळीत झालेलं, दाबला तरी अर्ध्या मिनिटाचासुद्धा फरक पडत नव्हता.

हायड्रोवरचे अण्णा बाजूला उभे होते. वीस वर्षं हेच काम केलेला माणूस. मी त्यांना विचारलं, “अण्णा, थांबेपर्यंत कुणी थांबतं का?”

त्यांनी मला उलट विचारलं, “पाळीत किती खेपा होतात माहितीये का तुम्हाला?”

चोवीस. मी तिथेच मोबाइलवर गुणाकार केला. चोवीस गुणिले चार मिनिटं वीस सेकंद म्हणजे १०४ मिनिटं. पावणेदोन तास नुसतं उभं राहून बास्केटकडे बघायचं, आणि मजुरी मालावर. कोण थांबेल? म्हणून झाकण उघडून कडेला बारदान दाबून वेग मारायचा, ही पद्धतच पडली होती. बारदान दाबून दाबून काळी पडलेली कड अण्णांनी मला दाखवली.

सुतळीचं कारणही तेव्हाच कळलं. लडी एका बाजूला जास्त झाल्या की मशीन हादरायचं, झाकण उडायचं, स्विच क्षणभर सुटायचा आणि मोटर पडायची. पुन्हा सगळं पहिल्यापासून. एका पाळीत असं पाच वेळा झालं की सहाव्यांदा माणूस सुतळी शोधतो. मी महिन्यातून एकदा येऊन सुतळी सोडत होतो. झाकण का उडतं हे एकदाही विचारलं नव्हतं.

त्या दिवशी डोक्यात पक्कं झालं. झाकण बास्केट खरोखर थांबल्यावरच उघडलं पाहिजे, आणि बास्केट लवकर थांबली पाहिजे. दोन्ही जमलं नाही तर जे काही लावू ते महिन्याभरात कुणीतरी बायपास करणार.

सरकारी तपासणीही झाली. त्या निमित्ताने कारखाने अधिनियम, १९४८ मी पहिल्यांदा स्वतः वाचला. कलम २१ यंत्रांच्या कुंपणाचं, ते ऐकून माहीत होतं. कलम ३० वाचून मात्र थबकलो. फिरणारी भांडी, पिंजरे, बास्केट, फ्लायव्हील, पुली यांचा सुरक्षित वेग ओलांडला जाणार नाही अशी परिणामकारक व्यवस्था करा, असं त्यात होतं. बास्केट हा शब्दच होता तिथे. कायदा लिहिणाऱ्यांना आमचा हायड्रो ठाऊक होता.

मालकांचं पहिलं म्हणणं टायमरचं. “झाकणाला लॉक लाव, पाच मिनिटांनी उघडेल असा टायमर टाक. हजार-बाराशेत काम होतंय.” मालक वाईट माणूस नाहीत, पोराचा दवाखान्याचा खर्च त्यांनीच केला. पण टायमरला घड्याळ कळतं, बास्केट कळत नाही. पाच मिनिटं लावली तर थांबायचा वेळ आणखी वाढतो, आणि ब्रेक सुधारून दीड मिनिट लावलं तर ज्या दिवशी ब्रेक बिघडेल त्या दिवशी तो टायमर फिरत्या बास्केटवर झाकण उघडून देईल. त्यांना हे पटायला वेळ लागला. पुढे चाचणीत त्यांच्या डोळ्यांसमोरच तसं घडलं, ते सांगतो.

पुण्याच्या एका विक्रेत्याने दुसरा मार्ग सुचवला. मोटर बंद केल्यावरही तिच्या टर्मिनलवर थोडा व्होल्टेज फिरत्या रोटरमुळे येत राहतो. तो मोजून त्याप्रमाणे स्विच चालू-बंद करणारं उपकरण, म्हणजे रिले, मिळतो, वेगळा सेन्सर लागत नाही. रिले चांगला आहे, पुष्कळ मशीनना योग्य आहे. पण आमच्या हायड्रोत मोटर आणि बास्केट यांच्यामध्ये सेंट्रिफ्युगल क्लच. वेग थोडा उतरला की क्लचचे जबडे आत ओढले जातात, मोटर सुटी होते आणि लगेच थांबते. रिले म्हणणार, थांबलं. बास्केट मात्र अजून चार मिनिटं फिरतेय. क्लच काढला तरी पट्टे तुटू शकतात. म्हणून ठरवलं, वेग मोजायचा तो बास्केटच्याच शाफ्टवर, जिथे हात जातो तिथे.

आता सेन्सर कोणता? हाताशी फोटो सेन्सर होता, तो लावून पाहिला. दोन तासांत त्याच्या काचेवर सुताचा गाळ आणि वाफ. मॅग्नेटिक पिकअप दणकट असतो, पण त्याचा सिग्नल वेगावर अवलंबून. वेग कमी झाला की सिग्नल इतका बारीक होतो की हळू फिरणं आणि थांबणं त्याला सारखंच. आम्हाला नेमका तोच शेवटचा हळू वेग बघायचा होता. शेवटी साधा इंडक्टिव्ह प्रॉक्सी निवडला, एम-१८, २४ व्होल्टचा. त्याला सूत दिसत नाही, पाणी दिसत नाही, फक्त धातू दिसतो. बास्केटच्या पुलीखाली बसवायला लेथवाल्याकडून १२ दात्यांची चकती करून घेतली. स्टेनलेसची नको, साध्या लोखंडाचीच हवी असं बजावलं, कारण स्टेनलेस समोर असलं की प्रॉक्सीचा पल्ला तीस टक्क्यांनी कमी होतो आणि ॲल्युमिनियमला तर निम्म्याहून खाली येतो.

पण एका प्रॉक्सीने भागत नाही, आणि या कामातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. प्रत्येक दात समोरून गेला की प्रॉक्सी एक पल्स, म्हणजे विजेचा एक ठोका, देतो. थांबलेलं मशीन पल्स देत नाही. तुटलेली वायरही पल्स देत नाही. एकच सेन्सर असेल तर पल्स बघून लॉक सोडणाऱ्या रिलेला दोन्ही सारखंच दिसणार: पल्स नाहीत, म्हणजे थांबलं, उघड झाकण. बाकी सगळीकडे वायर तुटली की मशीन बंद पडतं आणि आपण वाचतो. इथे वायर तुटली की कुलूप उघडतं. म्हणून दोन प्रॉक्सी, एक दात आणि एक खाच मिळून होणाऱ्या अंतराच्या निम्म्याने सरकवलेले, आणि चकतीचे दाते खाचांपेक्षा रुंद. दात ४५ मिलिमीटर, खाच ३३. एकासमोर खाच आली की दुसऱ्यासमोर दात असलाच पाहिजे. दोघेही एकाच वेळी बंद दिसले तर ती बास्केट थांबलेली नाही, तो बिघाड आहे. एक पल्स देतोय आणि दुसरा देत नाही, तोही बिघाड. बिघाड असला की झाकण बंदच. सेफ्टी रिले हीच तुलना सारखी करत राहतो.

पहिला ब्रॅकेट मी चुकीच्या जागी लावला. हायड्रो तीन खांबांवर स्प्रिंगने टांगलेला असतो. बाहेरची टाकी, बास्केट, बेअरिंग, मोटर सगळं एकत्र झुलतं. मी ब्रॅकेट वेल्ड केला खांबाला, कारण तिथे हात सहज पोचत होता. पहिल्याच तिरक्या भरलेल्या लॉटला मशीन डोललं, खांब जागेवर राहिला आणि चकती सेन्सरवर घासली. सुरू होऊन दहा सेकंद झाली नसतील. काढून पाहिलं तर प्रॉक्सीचं निळं तोंड तिरकं कापलं गेलेलं, आतली तांब्याची बारीक कॉइल उघडी पडलेली. मग ब्रॅकेट बेअरिंगच्या हाउसिंगलाच बोल्टने बांधला. जे मोजायचं त्याच्याबरोबर सेन्सरनेही डोललं पाहिजे. साडेतीन मिलिमीटरची गॅप तेव्हापासून तशीच आहे.

मग वेळ कमी करायचं काम. क्लच काढून मोटर थेट पट्ट्यांनी जोडली आणि दहा हॉर्सपॉवरच्या मोटरला ड्राइव्ह, म्हणजे तिचा वेग कमी-जास्त करणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण, दिला. क्लच ठेवून चाललं नसतं. ड्राइव्हने मोटर थांबवली असती आणि क्लचने बास्केट सोडून दिली असती. ड्राइव्हमुळे सुरुवातही सौम्य झाली. झाकण लावलेलं असताना बास्केट पहिली तीस सेकंदं १८० फेऱ्यांवर फिरते, थोडं पाणी निघून जातं, लडी आपापल्या जागी बसतात, मग वेग चढतो. पहिल्याच दिवशी हादरणं इतकं कमी झालं की अण्णा टाकीवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, “आता झाकण उडणार नाही बघा.”

ब्रेक लावताना मोटर जनरेटर होते. बास्केटमधली सगळी ताकद ड्राइव्हमध्ये परत येते आणि ब्रेकिंग रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन जाते. मी लोभाने चाळीस सेकंदांत थांबवायचं ठरवलं. ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हचा डीसी बस, म्हणजे आतल्या डीसी विजेचा व्होल्टेज, एरवी ५८५ च्या आसपास असतो. डिस्प्लेवर आकडा चढत गेला, सातशे, साडेसातशे, आणि आठशेच्या आसपास ड्राइव्ह ओव्हरव्होल्टेजवर ट्रिप झाला. ट्रिप म्हणजे आउटपुट बंद. बास्केट मोकळी सुटली, वेग अजून सहाशेच्या पुढे.

मालक शेजारी उभे होते. मी स्टॉपवॉच त्यांच्या हातात दिलं आणि म्हणालो, “मालक, दीड मिनिटाचा टायमर लावला असता तर तो आत्ता झाकण उघडणार होता.” नव्वद सेकंद झाले तेव्हा त्यांनी वाकून बघितलं. झाकणाच्या काचेच्या खिडकीतून बास्केटच्या भोकांची नुसती धूसर पट्टी दिसत होती. ते काही बोलले नाहीत. त्या दिवसानंतर टायमरचा विषय निघाला नाही.

वेळ ७५ सेकंदांवर आणली, रेझिस्टर पॅनेलच्या वर जाळीच्या पेटीत ठेवला कारण तो भाजण्याइतका तापतो. ७५ सेकंदांत मशीन दर खेपेला थांबतं. पाळीचे ते १०४ मिनिटं तीसवर आले. मालकांना खर्च पटला तो इथे, आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. हात वाचवणारी गोष्ट उत्पादनही वाढवत असेल तर ती टिकते.

ड्राइव्ह आला की एक नवा धोका येतो, तो मी सगळ्यांना सांगतो. आता नुसत्या आकड्याने वेग वाढवता येतो. “पन्नासच्या जागी पंचावन्न हर्ट्झ केलं तर माल अजून कोरडा येईल की,” असं सुपरवायझर पहिल्याच आठवड्यात म्हणाले. बास्केटवर ९०० चा शिक्का आहे. वेग दहा टक्के वाढवला की पत्र्यावरचा ताण एकवीस टक्के वाढतो, कारण तो वेगाच्या वर्गाने चढतो. आणि वर्षानुवर्षं रंगाच्या पाण्यात राहिलेलं वेल्डिंग नव्याइतकं मजबूत नसतं. ड्राइव्हमध्ये वरची मर्यादा कुलूपबंद केली, शिवाय त्याच दोन प्रॉक्सींवरून रिलेचं दुसरं आउटपुट ९३० ला लावलं. त्याच्यावर गेलं की मशीन थांबतं. कलम ३० मध्ये जे मागितलं होतं ते हेच.

लॉक निवडताना चाकणचा अनुभव कामाला आला. दोन प्रकारची लॉक मिळतात. एकात वीज असेपर्यंत लॉक धरून ठेवतं, वीज गेली की सुटतं. दुसऱ्यात स्प्रिंग धरून ठेवते आणि उघडायला वीज लागते. कॅटलॉगमध्ये दोन्ही शेजारी शेजारी, किंमतही जवळपास सारखी. आमच्याकडे भर पाळीत लाईट जाते. पहिला प्रकार लावला असता तर ९०० वर फिरणाऱ्या बास्केटचं झाकण लाईट गेल्या क्षणी उघडं झालं असतं. स्प्रिंगवालंच घेतलं. त्याची चावी, म्हणजे झाकणाला लागणारा तुकडा, कोड असलेली. चाकणला जुन्या लॉकांची एक जादा चावी ऑपरेटरच्या खिशात असायची हे मी पाहिलं आहे; ती स्विचमध्ये घातली की गार्ड उघडा ठेवून मशीन चालायचं. कोडवाल्या लॉकला दुसरी चावी चालत नाही, आणि हिची स्क्रू अशी की बसतात पण साध्या स्क्रूड्रायव्हरने निघत नाहीत.

थांबलं म्हणजे नक्की किती, हेही ठरवावं लागलं. शून्य कुठलाच सेन्सर मोजत नाही, तो दोन पल्समधला वेळ मोजतो. रिले अर्ध्या हर्ट्झला लावला, म्हणजे दोन सेकंदांत एकच पल्स. बारा दात्यांना तो होतो मिनिटाला अडीच फेऱ्या. तेव्हा कड सेकंदाला सोळा सेंटिमीटर सरकते. त्यावर आणखी तीन सेकंद वाट पाहून मग लॉक सुटतं. चकती चार दात्यांची केली असती तर त्याच सेटिंगला कड सेकंदाला जवळजवळ अर्धा मीटर सरकत असताना झाकण उघडलं असतं. बारा दाते त्यासाठीच.

शेवटची चाचणी रात्री घेतली. पाळीची सगळी माणसं बोलावली होती. पूर्ण वेगावर बास्केट नेली आणि मी मेन स्विच खाली ओढला. शेडमध्ये अंधार. पंखे थांबले, पंप थांबले, आणि त्या अंधारात फक्त बास्केटचा आवाज राहिला, आधी शीळ घातल्यासारखा, मग घरघर. आता ब्रेक लावायलाही वीज नव्हती. अण्णांनी टॉर्च धरला, मी दोन्ही हातांनी झाकण ओढलं. हललं नाही. सगळे त्या घरघरीकडे कान देऊन उभे होते, पाचेक मिनिटं कुणी काही बोललं नाही. आवाज पूर्ण गेल्यावर मी मेन वर केला, रिलेने तपासलं, आणि लॉक खट् करून सुटलं.

आठ दिवसांनी फोन: झाकण उघडत नाही. गेलो तर बास्केट जागच्या जागी उभी, रिलेवर मात्र एका सेन्सरचा दिवा लुकलुकतोय. बारकाईने पाहिलं. चकती अशी थांबली होती की दाताची कड बरोबर एका प्रॉक्सीसमोर. शेजारचा दुसरा हायड्रो चालू होता, त्याच्या हादऱ्याने आणि पट्ट्यांच्या ताणाने बास्केट केसभर मागेपुढे होत होती. तेवढ्याने पल्स येत होते. रिलेचं चूक नव्हतं, पण माणूस ओला माल आत ठेवून उभा होता. रजिस्टर पाहिलं तर सुपरवायझरने लॉक हाताने सोडायची इमर्जन्सीची तिकोनी चावी एकाच रात्री तीनदा वापरलेली. मला त्या रजिस्टरमध्ये पुन्हा सुतळी दिसली. त्याच दिवशी ड्राइव्हमध्ये थांबल्यावर तीन सेकंद डीसी ब्रेक, म्हणजे मोटर जागच्या जागी रोखणारा ब्रेक, धरून ठेवायचं सेटिंग केलं, आणि शेजारच्या मशीनचे खालचे कडक झालेले रबर बदलून घेतले. त्यानंतर ती चावी महिन्याच्या तपासणीशिवाय निघालेली नाही.

सगळा खर्च सव्वा लाखाच्या घरात गेला. दुसऱ्या हायड्रोला दिवाळीनंतर तेच लावलं.

तो पोरगा सात महिन्यांनी कामावर आला, आता रंग तोलायच्या टेबलावर बसतो. पहिल्या दिवशी तो हायड्रोपाशी येऊन उभा राहिला. मी त्याला सगळं दाखवलं, दाते, प्रॉक्सी, रिलेचे दिवे. तो ऐकत होता, डावा हात खिशात. मग म्हणाला, “अन् वायर तुटली तर दादा?”

त्याच्याआधी मालक, सुपरवायझर, विक्रेता, कुणीच हा प्रश्न विचारला नव्हता. मी बास्केट सुरू केली आणि पुढे न बोलता त्याला प्रॉक्सीचा कनेक्टर दाखवला. “काढ.” त्याने उजव्या हाताने, ज्याची दोन बोटं वाकत नाहीत त्या हाताने, रिंग फिरवून कनेक्टर ओढला. रिलेवर लाल दिवा लागला, मशीन ब्रेक घेऊन थांबलं. थांबल्यावर त्याने झाकण ओढून पाहिलं. बंद. आणखी एकदा ओढलं. कनेक्टर परत लावून मी रीसेट दिला तेव्हाच लॉक सुटलं. आता दर सोमवारी पहिल्या लॉटआधी ही चाचणी होते, आणि ती तोच करतो. रजिस्टरमध्ये तारखेपुढे त्याची सही असते.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका डाईंगवाल्यांचा फोन आला. कुणाकडून तरी ऐकलं म्हणाले, आमच्या हायड्रोला पण लॉक करून द्या, पण एकच सेन्सर लावा, ड्राइव्ह नको, स्वस्तात बसवा. मी त्यांना म्हटलं, दर नंतर बोलू, आधी एक करा. मशीन भरून पूर्ण वेगात न्या, बंद करा आणि थांबेपर्यंतचा व्हिडिओ मला पाठवा, शेजारी घड्याळ ठेवून.

संध्याकाळी व्हिडिओ आला. पाच मिनिटं बारा सेकंद. तिसऱ्या मिनिटाला कडेवर बारदान दाबणारा एक हात त्यात येऊन गेलाय. उद्या सकाळी तिकडे चाललोय.